मांजर, कुत्रे आणि आपले अहिंसाव्रत

हसनाबादला आमचे आडतीचे दुकान होते, त्या काळी गोदामात एखादे तरी मांजर असेच. ते कोणी पाळलेले नसे. आजोबा सकाळी वाटीभर दूध ठेवीत. त्यापलीकडे त्याची चौकशी होत नसे. मका, ज्वारी आणि मिरचीच्या पोत्यांमधून ते रात्री काय करते हे घरातील प्रत्येकास ठाऊक होते, परंतु तो विषय जेवणाच्या पंक्तीत निघत नसे. उंदरांचे विष दुकानात आणायचे नाही, पिंजऱ्यात सापडलेला उंदीर गिरजा नदीपलीकडे सोडून यायचा, असा घरचा दंडक होता. मांजराने मात्र तो दंडक आपल्या वतीने मोडावा, अशी मूक व्यवस्था होती. बँकेत सारी उमेद जमाखर्च तपासण्यात गेल्यावर आता जाणवते की, ही नोंद आम्ही कोणत्याच वहीत केली नव्हती.

आज मांजर-कुत्री गोदामातून दिवाणखान्यात आली आहेत. मुलांचा हट्ट असतो, मोठ्यांचा एकाकीपणा असतो, आणि जीवदया हा आपला संस्कारच असल्यामुळे नाही म्हणणे जड जाते. आम्हांलाही गेले नाही. नातीने रस्त्यावरून मांजरीचे पिल्लू आणले, तेव्हा घरात एकच अट घातली गेली : तिने जीवहत्या करू नये. म्हणून तिला माडीवर ठेवले, खिडक्यांना जाळी लावली आणि दूध-पोळी, कधी दही-भात, कधी पनीर यांवर वाढवले. दोन वर्षे गेली. मग ती उडी चुकू लागली, उजेडातही भिंतीला धडकू लागली. पशुवैद्यांनी डोळे तपासून सांगितले की, दृष्टिपटल झिजले आहे आणि गेलेली दृष्टी परत येणार नाही.

कारण साधे होते, आम्हांला मात्र ते ठाऊक नव्हते. मांजराच्या शरीरास टॉरिन नावाचा घटक पुरेसा तयार करता येत नाही. तो त्यास मांस-मासळीतून मिळतो. तो न मिळाल्यास डोळे जातात, हे 1975 मध्ये सिद्ध झाले. हृदयही निकामी होते, हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले. गाजरातील कॅरोटिनपासून आपण जीवनसत्त्व अ बनवतो, तेही मांजरास साधत नाही. मोठ्या मांजरांना तर दूधही बहुधा पचत नाही.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आम्ही त्या मुक्या जीवास बांधले होते, आणि भरल्या ताटाने त्याचे खरे अन्न रोखले होते. हे सर्व दयाबुद्धीने केले, एवढेच आमच्या बाजूने म्हणता येईल.

आपल्या पूर्वाचार्यांना या अडचणीची कल्पना नव्हती असे नाही. श्रावकाने वर्ज्य मानायच्या पंधरा कर्मादानांत शेवटचे असतीपोषण आहे. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्याचा अर्थ देताना धनासाठी पोसलेल्या प्राण्यांत मांजर आणि कुत्रे यांची नावे घेतली आहेत. तो निषेध व्यवसायापुरता आहे, हे मान्य. परंतु गोदामातील धान्य वाचवण्यासाठी ठेवलेले मांजर धनासाठी पोसलेले नव्हे काय, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे. उंदरांचे खरे उत्तर गोदामाच्या बांधणीत आहे. दाराखालची फट पत्र्याने बंद करावी, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचावीत, सांडलेले धान्य रोज झाडून घ्यावे, शक्य तेथे पत्र्याच्या कणग्या वापराव्यात. खायला आणि लपायला मिळाले नाही तर उंदीर वसत नाही. शेजारच्या दुकानात विष ठेवले असेल, तर ते खाल्लेला उंदीर तोंडी लागून मांजर आणि घुबड दोन्ही दगावू शकतात, हेही ध्यानात असावे.

मांजराची दुसरी बाजू अंगणाबाहेरची. पोट भरलेले असले तरी ते शिकार करते. तो त्याचा स्वभाव आहे. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार मांजरे तेथे वर्षाला किमान 130 कोटी पक्षी मारतात. त्यांतील बहुतेक बेवारशी मांजरांचे बळी. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याच्या कुंड्या टांगण्याची आपली प्रथा सुंदर आहे. परंतु त्याच अंगणात मोकळे मांजर असेल, तर ती कुंडी सापळा ठरते. मांजर घरात ठेवावे आणि त्याला पुरेसे योग्य अन्न द्यावे, या दोन्ही गोष्टी एकदम पाळाव्या लागतात. आम्ही पहिली पाळली, दुसरी चुकवली.

कुत्र्याचे गणित तुलनेने सोपे आहे. माणसाच्या सहवासात त्याला पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती आली, हे 2013 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी जनुकीय तपासणीतून दाखवले. पशुवैद्यांच्या सल्ल्याने डाळ, भात, भाकरी, पनीर आणि पूरक घटक दिल्यास तो शाकाहारावर निरोगी राहू शकतो. नुसती दूध-भाकरी मात्र पुरत नाही. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी असतात. आपल्या स्वयंपाकघरात ते नसल्याने एक धोका आपोआप टळला. परंतु शिऱ्यातील बेदाणे आणि मुलांच्या हातचे चॉकलेट कुत्र्याला घातक आहे, आणि प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवणारे हात आपल्याकडे पुष्कळ. अन्न सूर्यास्तापूर्वी देऊन भांडे उचलून ठेवावे. रात्रभर उघड्या राहिलेल्या ताटलीवर झुरळे आणि उंदीर जमतात.

आहाराचा भार आपल्या घरापुरता राहत नाही. 2017 मध्ये ग्रेगरी ओकिन या संशोधकाने असा हिशेब मांडला की, अमेरिकेत पशुजन्य अन्नासाठी जमीन, पाणी आणि इंधन यांचा जो वापर होतो, त्यातील 25 ते 30 टक्के भार कुत्र्या-मांजरांच्या आहाराचा आहे. आपल्याकडे प्रमाण तेवढे नसेल, पण मोठ्या जातींचे कुत्रे हौसेने विकत आणताना हा आकडा आठवावा. भूक कमी असलेले, हवामानास रुळलेले गावठी पिल्लू दत्तक घेणे सर्व अर्थांनी बरे.

दुकानापुढे बिस्किटे टाकण्याविषयीही दोन शब्द. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत भटक्या कुत्र्यांना ठरलेल्या जागी खाऊ घालण्याची तरतूद आहे. जिथे मुले खेळतात, जिथून येजा होते, तिथे नव्हे. अन्न वाढले आणि जन्म रोखले नाहीत, तर टोळी वाढते आणि ती शिवारात शिरते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अबि तमीम वनक यांनी केलेल्या अभ्यासात, कुत्रा जवळ असला की खोकड अन्नापासून दूर राहते असे दिसले. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे.

जन्म रोखणे म्हणजे शस्त्रक्रिया. येथे अनेक श्रावक थबकतात आणि त्यांचे थबकणे मी हसण्यावारी नेत नाही. पंधरा कर्मादानांत निर्लांछनही आहे, अतिचारांत छेदही आहे. परंतु निर्लांछन उपजीविकेसाठी प्राण्यांच्या अंगास इजा करण्याविषयी आहे. मांजरी सहा महिन्यांच्या आत गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि बेवारशी पिलांपैकी कितीतरी भुकेने किंवा चाकाखाली मरतात. भूल देऊन एकदा केलेली शस्त्रक्रिया मला त्या मरणांपेक्षा कमी हिंसेची वाटते. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या महाराज साहेबांना विचारावे. पण निर्णय टाळून पिले पोत्यात घालून गावाबाहेर सोडू नयेत. रेबीजची लस तर दरवर्षी टोचावीच.

मलमूत्राचे तेवढेच. ते भाजीच्या खतात मिसळू नये, त्यातून जंत आणि रोगजंतू येतात. अंगण असल्यास विहिरीपासून दूर खोल खड्डा करावा. मांजरासाठी खाणीतून काढलेल्या मातीची महागडी पाकिटे घेण्याऐवजी लाकडाचा भुसा चालतो.

आमच्या मांजरीचे पुढे काय झाले ते सांगणे बाकी आहे. तिचे डोळे गेले, पण हृदय वाचवता येणार होते. पशुवैद्यांनी लिहून दिलेल्या तयार खाद्यात मासळी होती. ते पाकीट घरात आणावे की नाही यावर तीन दिवस वाद झाला. पत्नीचा विरोध होता, सून गप्प होती, नात रडत होती. शेवटी जालन्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने तिला आपल्या घरी नेले. त्यांच्याकडे मासे नेहमीच शिजतात. हिंसा थांबली नाही, केवळ दुसऱ्याच्या खात्यावर वळती झाली, हे मला कळते. दर महिन्याला मी तिला पाहून येतो. आवाजावरून ती अजून ओळखते. नात आता पुन्हा पिल्लू मागते आहे. या वेळी मी कुत्र्याचे पिल्लू आणण्यास होकार दिला आहे, आणि आधी पशुवैद्यांची वेळ घेतली आहे.