टिटवी अंडी उबवते की थंड ठेवते?

चैत्र लागला की पक्षिनिरीक्षणाचा हंगाम संपला, असा आपल्याकडे एक समज आहे. हिवाळी पाहुणे परतू लागतात हे खरे. पण नदीकाठी, समुद्रकिनारी आणि रानवाटेवर याच दिवसांत पक्ष्यांची मोठी लगबग चालू असते.

प्रथम नदी पाहू. मार्च-एप्रिलमध्ये भीमेसारख्या नद्यांचे पाणी ओसरते आणि वाळू-गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. टिटवी आणि नदी सुरय अशाच जागी घरटे करतात. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा. टिटवी त्यात बहुधा चार अंडी घालते. मातकट रंगावर काळे डाग असल्याने ती पायाशी असूनही दिसत नाहीत.

एकदा भर दुपारी आम्ही अशाच पट्ट्यावर घरटे शोधत अर्धा तास रेंगाळलो. टिटवी डोक्यावर ओरडत होती. आम्ही दूर गेल्यावर दुर्बिणीतून पाहिले, तर ती आधी पाण्यात उतरली, पोटाची पिसे भिजवली आणि मगच अंड्यांवर येऊन बसली. असे का?

अंड्यातील गर्भाची वाढ सुमारे ३७ ते ३८ अंश सेल्सिअसला उत्तम होते. तापमान चाळिशीच्या बरेच वर गेले तर गर्भ दगावतो. दुपारची उघडी वाळू तर ५० अंशांपुढेही तापते. तेव्हा पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. शिवाय ओल्या पिसांतील पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वाने. म्हणजे आमच्या कुतूहलापायी ती अंडी अर्धा तास उन्हात तापत होती!

हे वर्गात सहज पडताळता येते. तीन ताटल्यांत सारखी कोरडी वाळू घेऊन प्रत्येकीत प्रयोगशाळेतील तापमापी खोचावा. एक ताटली उघडी, दुसरीवर कोरडे फडके, तिसरीवर ओले. तिन्ही उन्हात ठेवून दर दहा मिनिटांनी नोंद करावी. सावलीचा वाटा किती आणि बाष्पीभवनाचा किती, हे विद्यार्थ्यांना आकड्यांतच दिसेल.

समुद्रकिनारी याच सुमारास चिखल्यांच्या करड्या छातीवर तांबूस रंग चढू लागतो. उत्तरेकडच्या लांब प्रवासासाठी ते अंगात चरबी साठवत असतात. त्यांचा थवा पुन्हापुन्हा उडवला, तर ही शिदोरी जागीच खर्च होते. रानवाटेवर तांबट वठलेल्या फांदीत ढोली कोरतो. अशी फांदी निरुपयोगी समजून तोडू नये.

सहलीला निघताना एवढे पाळावे: नदीकाठी सकाळी आठच्या आत जावे, घरट्याजवळ जाऊन छायाचित्र घेऊ नये आणि टिटवी ओरडू लागताच आल्या वाटेने मागे फिरावे.