जुन्या चामडी पिशवीची जोपासना

आजीची चामडी हातपिशवी पावसाळ्यानंतर कपाटांतून बाहेर निघते, तेव्हां तिच्यावर पांढरी बुरशी दिसते. घरांतील कोणीतरी ओलें फडकें व खोबरेल घेऊन सरसावतें. घात होतो तो येथेंच.

कातडें म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू. बाभूळ, तरवड यांच्या सालींतील टॅनिन त्यांना जखडतें, म्हणून तें कुजत नाहीं. स्निग्धांश त्यांना लवचिक ठेवतो. तो कमी झाला कीं कातडें तडकतें.

प्रथम पिशवी रिकामी करून घराबाहेर मऊ कुंच्यानें बुरशी झाडावी. आंत झाडल्यास तिचे बीजाणू इतर वस्तूंवर बसतात. मग घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसून सावलींत वाळवावी. ऊन वा शेगडी जवळ करूं नये. ओल्या कातड्यास उष्णता लागतांच तंतू आकसतात आणि तो आकस पुन्हा सुटत नाहीं. नंतर कातड्याचें मलम अगदीं थोडें, आधीं तळाच्या कोपऱ्यावर, लावून पाहावें. खोबरेल टाळावें: तें थंडींत थिजतें व डाग पाडतें.

बोटास तांबूस भुकटी लागली, तर तो मळ नव्हे. सालीनें कमावलेल्या जुन्या कातड्यास हवेंतील गंधकयुक्त वायूंमुळें होणारा हा क्षय. इंग्रजींत त्यास 'रेड रॉट' म्हणतात. पाणी लागल्यास असें कातडें काळें व कडक होतें. गेलेली ताकद परत येत नाहीं. अशी पिशवी वापरांतून काढून, आंत कोरा कागद भरून, सुती कापडांत जपावी.

मुठीवरील झीज मात्र तशीच राहूं द्यावी. पिशवी वापरणाऱ्या हाताची तेवढीच खूण उरलेली असते.