डोळ्यांचा भार कानांवर

कळंबोलीच्या जंक्शनवर संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला विचारा, डोळे किती ठिकाणी ठेवावे लागतात ते. पुढचा ट्रेलर, डावीकडून घुसणारी मोटारसायकल, सिग्नल, तिन्ही आरसे. अशात रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो. काचा बंद असतात, त्यामुळे तो कुठून येतोय ते कळत नाही. मग आपण एकेक आरसा तपासू लागतो आणि तेवढा वेळ समोरच्या रस्त्यावर नजर नसते. माझे असे अनेकदा झाले आहे. आवाजाने मदत करायची, तर तो डोळ्यांनाच आणखी एक काम लावतो!

वास्तविक दिशा ओळखण्यात कान मोठे तरबेज. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा, तरी मेंदू तो टिपतो. शिवाय डोके आड आल्याने पलीकडच्या कानाला बारीक, उंच स्वर कमी ऐकू येतात. आवाज वरून आला की खालून, पुढून की मागून, हे ठरवायला बाहेरच्या कानाच्या वळ्या उपयोगी पडतात. बाजारात मागून कोणी हाक मारली, की मान आपोआप त्याच बाजूला वळते ती यामुळे.

मात्र आवाजाची जात महत्त्वाची. एकाच सुराची 'पीं पीं' कुठून आली ते सांगणे कठीण. फसफस, खरखर असा अनेक स्वर मिसळलेला आवाज चटकन सापडतो. म्हणून मागे येणाऱ्या ट्रकसाठी 'खस्स खस्स' करणारे भोंगे परदेशात वापरात आले. आपल्याकडे 'पीं पीं' नाहीतर एखादी धूनच जास्त ऐकू येते.

पनवेलकरांच्या डोक्यावरून आता विमानेही जातात. जवळच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली. वैमानिकाच्या डोळ्यांवरचा ताण तर कळंबोलीहून कितीतरी मोठा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. त्यानंतर आपल्या देशात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. दुसरे विमान जवळ आले, की ही यंत्रणा 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असे बोलून सावध करते. पण ते कोणत्या बाजूला आहे, हे पडद्यावर पाहावे लागते.

अमेरिकेत 'नासा'च्या एम्स केंद्रात ड्युरँड बेगॉल्ट यांनी ही सूचना दुसऱ्या विमानाच्या दिशेनेच ऐकवून पाहिली. दोन्ही कानांवरच्या हेडफोनमध्ये वर सांगितलेले बारीक फरक संगणकाने घालायचे, की आवाज डावीकडून किंवा उजवीकडून आल्यासारखा वाटतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकाच कानाने सूचना ऐकणाऱ्यांपेक्षा अशा वैमानिकांना दुसरे विमान सुमारे २.२ सेकंद आधी दिसले. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने तेवढ्यात एकमेकांच्या एक किलोमीटरहून अधिक जवळ आलेली असतात.

म्हणून प्रत्येक गोष्टीला आवाज द्यावा, असे मात्र नाही. दहा घंटा एकदम वाजल्या, तर माणूस आधी घंटा बंद करतो. 'कुठे पाहायचे' एवढेच कानाने सांगावे. काय आहे, ते डोळे ओळखतील. शिवाय हेडफोनमधून पुढचा आवाज मागचा वाटण्याची चूकही बऱ्याचदा होते.

साधी सोयही पुरते. रस्त्याच्या कडेला उठावाची पट्टी असेल, तर डावे चाक तिच्यावर जाताच खडखडाट डावीकडूनच येतो. घाटात धुके असले, तरी गाडी कुठे सरकली ते कळते.

घरी एक प्रयोग करून पाहा. डोळे मिटून बसा आणि कोणाला तरी खोलीत फिरत किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सांगा. आवाज येईल तिकडे बोट दाखवा. मग एका कानात बोट घालून पुन्हा तेच करा. दिशेचे बरेच अंदाज चुकतील.