वत्सगुल्माची रंगशाळा

वाशीमच्या पद्मतीर्थाकडे पाहुण्यांस फिरावयास नेलें, म्हणजे ‘ही एके काळीं राजधानी होती’ असें सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. पाहुणे कौतुकानें मान डोलवितात आणि लगेच विचारतात, ‘मग राजवाडा कोठें आहे?’ येथें आमची पंचाईत होते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच वाशीम, हें विद्वानांस मान्य आहे; दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथेंच मिळाला व १९३९ सालीं प्रकाशांत आला. परंतु बोट दाखवून ‘ही राजसभा, ही रंगशाळा’ असें म्हणावें, असें कांहीं आज उभें नाहीं.

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या सुटीवर घरीं आला. तो संगणकशास्त्राचा विद्यार्थी. त्यानें आम्हां सर्वांस पडद्यावर एक नवल दाखविलें. ‘सेकंड लाइफ’ नांवाचें एक आभासी जग २००३ पासून चालू आहे. त्यांत घरबसल्या शिरतां येतें, आपलें एक प्रतिरूप धारण करतां येतें, जमीन घेऊन इमारत बांधतां येते. यूरोपांतील जुन्या राजवाड्यांच्या धर्तीवर कांहीं हौशी लोकांनीं तेथें नृत्यशाळा उभारल्या आहेत. झुंबरें लखलखताहेत, गुळगुळीत फरशीवर जोडपीं गिरक्या घेताहेत, आणि प्रत्यक्षांत तीं माणसें दोन निरनिराळ्या खंडांत खुर्चीवर बसलेलीं आहेत! पुतण्या म्हणाला, ‘काका, आपली वत्सगुल्माची रंगशाळा अशी कां बांधूं नये?’ त्याची धाकटी चुलत बहीण पायांतले घुंगरू सोडीत होती. ती म्हणाली, ‘दादा, बांधशील रे, पण तिच्यांत नाचणार कोण?’

दोन्ही प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिले. आज त्यांचाच विचार वाचकांपुढें ठेवावा असें योजिलें आहे.

पहिला प्रश्न बांधण्याचा. वत्सगुल्म आणि नृत्य ह्यांचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत नाहीं. राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसे’त एक गोड कथा रचिली आहे. सरस्वतीपुत्र काव्यपुरुष रुसून निघाला, तेव्हां गौरीनें साहित्यविद्यावधू निर्माण करून त्याच्या मागें धाडिली. ती देशोदेशीं त्याच्या मागून गेली. जेथें जाई तेथें निराळा वेष करी, निराळें नृत्यगीत करी. तिच्या वेषाची तऱ्हा ती प्रवृत्ति, विलासाची तऱ्हा ती वृत्ति, आणि त्यास सुचलेल्या वाणीची तऱ्हा ती रीति. उत्तरोत्तर त्याचें मन वळत गेलें आणि अखेरीस विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत त्यांचा गांधर्व विवाह झाला. त्या नगरास राजशेखरानें कामदेवाचें क्रीडास्थान म्हटलें आहे. वेष, नृत्य आणि शब्द ह्या तिघांचें मीलन कवीनें आमच्या गांवीं घडविलें, ह्याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं?

रंगशाळेचें माप भरतमुनींनीं ‘नाट्यशास्त्रां’त दिलेलें आहे. मध्यम आयताकृति नाट्यगृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद असावें. अर्धें प्रेक्षकांस, अर्धें रंगपीठ व नेपथ्यगृह ह्यांस. हात दीड फुटाचा धरला, तर ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद. ह्याहून मोठें नको, कारण मग शब्द स्पष्ट ऐकूं येत नाहीं आणि नटाच्या मुखावरील भाव दिसत नाहींत. हें कारण फार विचार करण्याजोगें आहे. आभासी जगांत जागेस तोटा नाहीं. तेथें हजार हातांचा मंडप एका रात्रींत उभा करावा. पण भरतमुनींचें माप जागेच्या टंचाईंतून निघालेलें नव्हे. माणसाचा डोळा माणसाच्या भुवईपर्यंत पोंचावा, ह्या हिशेबानें तें ठरलें आहे.

राहिलें रूप. त्यासाठीं अजिंठ्यास जावें. तेथील सोळावी गुहा वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव ह्यानें करविली, हें तेथील शिलालेखावरून कळतें. पहिल्या गुहेंत महाजनक जातकाचा प्रसंग चित्रित आहे. राजाचें मन संसारांत गुंतावें म्हणून नृत्य मांडलेलें आहे. मध्यें नर्तकी, भोंवतीं बासरी, मृदंग, झांजा घेतलेल्या स्त्रिया. रंग कोठें कोठें उडाला आहे, तरी त्या नर्तकीच्या कमरेची लवण पाहणाऱ्यास क्षणभर थांबविते. खांबांची घडण, पडदे, अलंकार, वाद्यें असा पुष्कळ मालमसाला ह्या चित्रांतून मिळूं शकतो.

मात्र येथें एक पथ्य पाळलें पाहिजे. संगणकानें काढलेलें चित्र इतकें हुबेहूब असतें, कीं पाहणारा कल्पनेस पुरावा समजूं लागतो. ह्या धोक्यासाठींच वारशाच्या संगणकीय पुनर्रचनेविषयीं ‘लंडन सनद’ म्हणून एक नियमावली तयार झाली आहे; तिची सुधारलेली आवृत्ति २००९ सालची. तिचें सार असें, कीं कोणता भाग आधारावर उभा आहे, कोणता अनुमानावर, आणि तें अनुमान कसें केलें, हें पाहणाऱ्यास स्पष्ट कळलें पाहिजे. पुतण्यास आम्हीं एवढेंच सांगितलें: रंगशाळा अवश्य बांध, पण भरतांचें माप, अजिंठ्याचा खांब आणि तुझ्या मनांतला खांब, हे निरनिराळे ओळखूं येऊं देत.

आतां त्याच्या बहिणीचा प्रश्न. तेथें नाचणार कोण?

आभासी जगांत नाचण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला भेद पालकांनीं समजून घ्यावा. पहिल्या प्रकारांत हालचाली आधींच तयार करून सांठविलेल्या असतात. आपण एक कळ दाबावी. प्रतिरूप सुंदर नाचूं लागतें, आपण चहा पीत बसावें. तेथें शिक्षक शिष्टाचार शिकवील, वेषभूषा शिकवील, संगीताची निवड शिकवील. पण पाऊल शिकवूं शकणार नाहीं, कारण शिष्याचें पाऊल हललेंच नाहीं. दुसऱ्या प्रकारांत डोळ्यांवर आभासी दृश्याचें यंत्र चढवावयाचें, हातांत, कमरेस व पावलांस लहान संवेदक बांधावयाचे. मग माणूस जसा हलेल तसें त्याचें प्रतिरूप हलतें. ‘व्हीआरचॅट’सारख्या जगांत अशा रीतीनें लोक खरोखर घाम गाळून नाचतात. येथें शिकणें शक्य आहे. तरी जेथें संवेदक नाहीं, तें यंत्रास अंदाजानेंच भरून काढावें लागतें. टांच आधीं टेकली कीं चवडा, हें त्यास नेमकें कळेल असें नाहीं. आणि कथकांत तर सारें मर्म टांच आणि चवडा ह्यांतच आहे!

चित्रास जी अडचण, तीच ह्या यंत्रास. अजिंठ्याच्या नर्तकीचा एकच क्षण भिंतीवर राहिला आहे. त्याच्या आधींचा व नंतरचा क्षण कोणीं सांगावा? सुप्रसिद्ध रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा हिनें १९२३ सालीं लंडनमध्यें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून सुचलेली एक नृत्यनाटिका रंगभूमीवर आणिली. परंतु तिच्या नर्तकांचें शिक्षण यूरोपीय, तेव्हां दोन चित्रांमधली जागा त्या शिक्षणानेंच भरली गेली. ह्याच्या उलट उदाहरण आपल्याच भाषेंतलें आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) ह्यांनीं नृत्यासाठीं मराठींत निरूपणें रचिलीं. तीं पोथ्यांत राहिलीं. पुढें मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार ह्यांनीं त्यांचा अभ्यास करून तीं पुन्हां रंगभूमीवर आणिलीं, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर ह्यांनीं तीं नाचून दाखविलीं. पोथींत शब्द होते. शब्दांमधली जागा भरण्यास परंपरेंत मुरलेलें अंग लागलें.

शिकविण्याचें हें रहस्य कालिदासानें ‘मालविकाग्निमित्रां’त सांगून ठेविलें आहे. त्याची नायिका मालविका आमच्या विदर्भाचीच राजकन्या. गणदास व हरदत्त ह्या दोन नृत्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो. निवाडा करणारी परिव्राजिका म्हणते, कोणाची कला स्वतःपुरती उत्तम असते, कोणास ती दुसऱ्यांत उतरविण्याची हातोटी असते. ज्याजवळ दोन्ही तोच गुरूंत अग्रगण्य. परीक्षा गुरूची, पण नाचावयाचें शिष्येनें! आणि ती आणखी एक अट घालते: अंगांचें सौष्ठव दिसावें म्हणून पात्रांनीं जड वेषभूषेवांचून यावें. आभासी प्रतिरूपाचें नेमकें ह्याच्या उलट असतें. तेथें शालू, मुकुट, रत्नें हवीं तेवढीं; झांकलें जातें तें अंग.

ह्याचा अनुभव आम्हांस घरींच आला. आमची पुतणी २०२० च्या टाळेबंदीपासून पुण्याच्या एका बाईंकडे पडद्यावरून कथक शिकते. बाई शिकवितात मन लावून. पण आवाज जाण्यायेण्यांत क्षणाचा अंश जातोच. मिनिटास २४० मात्रांच्या द्रुत लयींत एक मात्रा पाव सेकंदाची. तेवढा उशीर झाला कीं सम हुकली. मुलगी बरोबर नाचे आणि बाईंस तिकडे चूक दिसे. एके दिवशीं पोर रडकुंडीस आली. तेव्हां बाई म्हणाल्या, ‘तुझ्याजवळ बसून हातानें ताल धरणारें घरांत कोणी आहे का?’

आमच्या मातोश्री जपमाळ घेऊन कोपऱ्यांत बसल्या होत्या. त्यांच्या लहानपणीं घरंदाज मुलीनें घुंगरू बांधणें म्हणजे कुळास बट्टा. पुण्यास रोहिणी भाटे ह्यांनीं १९४७ सालीं ‘नृत्यभारती’ स्थापन केली होती खरी. पण तो वारा आमच्या आजोळच्या वाड्यापर्यंत पोंचला नव्हता. ज्या स्त्रियांनीं पिढ्यान्‌पिढ्या ही कला जिवंत ठेविली, त्यांस आपण मान दिला नाहीं, आणि आपल्या मुलींस ती शिकूं दिली नाहीं. दोन्ही अन्याय आपलेच. मातोश्रींनीं माळ बाजूस ठेविली व म्हणाल्या, ‘मला तुमचा तीनताल ठाऊक नाहीं. पण मंगळागौरीस रात्रभर झिम्मा खेळले आहें. टाळी चुकणार नाहीं. कोठें द्यावयाची तेवढें सांग.’

सोळा मात्रा, तीन टाळ्या, एक खाली. आठ दिवसांत त्यांचा हात बसला. आतां पुण्याहून बाई बोल सांगतात, ताल आजी धरतात, आणि पावलें बिनचूक समेवर येतात. झिम्मा, फुगडी, पिंगा हींही कोणीं कागदावरून शिकविलीं नव्हतीं. हातांत हात घालूनच तीं एका पिढीकडून दुसरीकडे आलीं.

म्हणून पालकांस आमचें सांगणें असें: दूरच्या गुरूस पडद्यावरून घरांत आणणें हें मोठें सोयीचें साधन आहे, तें नाकारूं नका. मुलांनीं जुन्या रंगशाळा संगणकांत उभ्या केल्या, तर त्या कौतुकानें पाहा आणि ‘हें कशावरून?’ म्हणून विचारा. पण कळ दाबून नाचणाऱ्या बाहुलीस नृत्य समजूं नका, आणि मुलगी शिकत असेल तेव्हां घरांतल्या एकानें तरी तिच्याजवळ बसावें.

पुतण्याची रंगशाळा तयार होत आली आहे. बत्तीस हात रुंदीच्या त्या सभागृहांत रंगपीठ अजून रिकामें आहे. बहिणीनें त्यास बजावून ठेविलें आहे, ‘सांठविलेली नर्तकी त्यांत घालूं नकोस. माझा तोडा बसेपर्यंत थांब.’ तो थांबला आहे.