प्रत्येक मुलापर्यंत पोहोचणारे अध्यापन : सुरतेतील मराठी शाळांच्या निमित्ताने

शिक्षकाने बोलावे आणि विद्यार्थ्यांनी ऐकावे, ही आपल्या शाळांतील फार जुनी रीत आहे. धडा वाचावयाचा, कठीण शब्दांचे अर्थ सांगावयाचे, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहावयाची व ती मुलांनी वहीत उतरवून घ्यावयाची, या क्रमाने तास पुरा होतो आणि यथावकाश अभ्यासक्रमही पुरा होतो. या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, वर्गातील सर्व मुले एकाच भाषेत, एकाच गतीने आणि सारख्याच पूर्वतयारीने शिकतात. प्रत्यक्षात असा वर्ग कोठेही नसतो. वर्गातील मुले जितकी भिन्न, तितके या एकसुरी अध्यापनाचे अपुरेपण अधिक स्पष्ट होते. सुरत शहरातील मराठी शाळा हे याचे उत्तम उदाहरण होय.

सुरतेतील मराठी वस्ती

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली, तरी खानदेश आणि सुरत यांचा संबंध तुटला नाही. जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा या मार्गाने सुरतेस येणाऱ्या रेल्वेने धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे रोजगारासाठी या शहरात आली आणि लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली. घरातील पुरुष यंत्रमागावर, रंगाईच्या गिरणीत किंवा कापड बाजारात काम करतात. अनेक घरांतून स्त्रिया साड्यांचे धागे कापणे, लेस लावणे, टिकल्या चिकटविणे ही कामे करतात. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी या माध्यमांच्या शाळा चालविते. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या श्रमिकांच्या मुलांना आपापल्या भाषेत शिकता यावे, ही त्यामागील दृष्टी आहे.

परंतु शाळेचे माध्यम मराठी आहे, एवढ्याने मुलाची भाषा वर्गात आली असे होत नाही. खानदेशातून आलेल्या पुष्कळ घरांत अहिराणी बोलली जाते. गल्लीत हिंदी असते, बाजारात गुजराती असते आणि पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी असते. म्हणजे सहा-सात वर्षांचे मूल चार भाषांच्या मध्यभागी उभे असते. याखेरीज एखादे मूल शेतीच्या हंगामात गावी जाऊन महिना-दीड महिन्याने परतते, एखाद्याच्या घरी अभ्यास पाहणारे कोणीच नसते, तर एखाद्यास कमी दिसते किंवा कमी ऐकू येते. ही सर्व मुले एकाच वर्गात, एकाच फळ्याकडे पाहत बसलेली असतात.

व्याख्यान कोठे अपुरे पडते

व्याख्यान ही टाकाऊ पद्धती आहे, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. गोष्ट सांगणे, कविता वाचून दाखविणे, नवी कल्पना प्रथम समजावून देणे यांसाठी शिक्षकाची वाणीच लागते. दोष बोलण्यात नाही, केवळ बोलण्यात आहे. शिक्षक सतत बोलत राहिला, तर कोणास समजले व कोणास समजले नाही हे त्यास कळण्याचा मार्गच उरत नाही. 'समजले का?' या प्रश्नास सर्व वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो आणि न समजलेले मूल त्या सुरात आपले न समजणे लपविते.

हे लपविणे पुढे महाग पडते. दुसऱ्या इयत्तेत वाचन न जमलेले मूल चौथीत गणिताचे उदाहरण वाचू शकत नाही, सहावीत विज्ञानाचा धडा त्यास परका होतो आणि त्यानंतर केव्हा तरी ते शाळेत येईनासे होते. यंत्रमागाच्या शहरात हाताला काम मिळण्यास वेळ लागत नाही. मूल शाळा सोडते तो दिवस हजेरीपटावर दिसतो. परंतु त्याने मनाने शाळा त्याआधी कित्येक महिने सोडलेली असते, आणि ती पटावर कोठेही दिसत नाही.

घरची बोली ही शिडी

अशा वर्गात पहिला उपाय म्हणजे मुलाच्या बोलीस वर्गात मानाने स्थान देणे. प्रमाण मराठीत 'आहे', अहिराणीत 'शे' आणि गुजरातीत 'छे'. प्रमाण मराठीत 'मला', अहिराणीत 'माले' आणि गुजरातीत 'मने'. मराठीत 'येथे', अहिराणीत 'आठे'. अशा शब्दांचा तक्ता मुलांकडूनच तयार करवून भिंतीवर लावावा. 'शे' म्हणणाऱ्या मुलाने चूक केलेली नसते. ते एका भाषेतील बरोबर वाक्य दुसऱ्या भाषेच्या तासाला बोललेले असते. हे शिक्षकाने जाणले म्हणजे हसण्याचा प्रसंग शिकण्याचा प्रसंग होतो, आणि ज्या मुलास आपण काहीच जाणत नाही असे वाटत होते, त्याच्याच ध्यानात येते की आपणास तीन भाषा येतात.

याच तक्त्यावरून प्रमाण मराठीकडे जाणे सोपे पडते. मुलांनी आजीकडून एक गोष्ट ऐकून यावी, ती वर्गात बोलीतच सांगावी, शिक्षकांनी ती फळ्यावर लिहावी व नंतर सर्वांनी मिळून ती पुस्तकी मराठीत आणावी. अशा पाच-सहा गोष्टी झाल्या की त्यांचे हस्तलिखित करता येते. याच रेल्वेमार्गावरील अमळनेर येथे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत असत. त्यास छापखाना लागला नाही. कागद, शाई आणि मुलांविषयीची आस्था पुरली.

एकच पाठ, चार पायऱ्या

गणिताचे एक उदाहरण पाहू. समजा, कापडाचा ताका ११० मीटरचा आहे व एका साडीस ६ मीटर ३० सेंटिमीटर कापड लागते. ताक्यातून किती साड्या निघतील? भागाकाराची रीत फळ्यावर लिहून देता येईल, परंतु ती थोड्याच मुलांना उमजेल. त्याऐवजी ११ मीटर सुतळी व ६३ सेंटिमीटरची काठी घेऊन मुलांना शाळेच्या अंगणात न्यावे. प्रत्येक माप दहापटीने लहान केले आहे, हे प्रथम सांगावे. पहिल्या गटाने काठीने सुतळी मोजावी. दुसऱ्या गटाने ११०० मधून ६३ पुनःपुन्हा वजा करावेत. तिसऱ्या गटाने भागाकार करावा. चौथ्या गटाने याच धर्तीचे नवे उदाहरण रचून इतरांना घालावे. चारही गट एकाच उत्तराशी येतात : १७ साड्या होतात आणि सुतळीवर २९ सेंटिमीटर, म्हणजे ताक्यात २ मीटर ९० सेंटिमीटर कापड उरते. 'बाकी' म्हणजे काय, हे त्या उरलेल्या सुतळीकडे पाहून जसे कळते, तसे व्याख्येने कळत नाही.

येथे चारही गटांचा विषय एक आहे. पायरी मात्र ज्याची त्याची आहे. मागे पडलेल्या मुलास वेगळे बसवून कमी दर्जाचे काम दिलेले नाही, आणि पुढे गेलेले मूल कंटाळून बसलेले नाही. ज्यास कमी ऐकू येते त्यास डोळ्यांनी व ज्यास कमी दिसते त्यास हातांनी हाच पाठ शिकता येतो. गट मात्र कायमचे ठेवू नयेत. या आठवड्यात सुतळी मोजणारे मूल पुढील आठवड्यात भागाकाराच्या गटात गेले पाहिजे. नाही तर गट हीच एक नवी पंगत होऊन बसते.

भूगोलासाठी तापी नदी आहेच. मध्यप्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून, खानदेशातून वाहत, उकाई धरणातून पुढे येऊन ती सुरतेजवळ समुद्रास मिळते. तिची लांबी ७२४ किलोमीटर आहे. मुलांनी अंगणात खडूने नदी काढावी, आपले मूळ गाव तिच्या कोणत्या बाजूस व किती दूर आहे ते दाखवावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांना ऑगस्ट २००६ च्या महापुराविषयी विचारून यावे. उकाईतून सोडलेल्या पाण्याने तेव्हा शहराचा फार मोठा भाग जलमय झाला होता. वरच्या खोऱ्यातील पाऊस व खालच्या शहरातील पूर यांचा संबंध अशा चौकशीतून मुले स्वतःच जोडतात. 'पाणलोट क्षेत्र' हा शब्द त्यानंतर सांगावा, आधी नव्हे.

ही वाट नवी नाही

गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही प्रांतांत या विचाराची परंपरा आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी कार्य केले. पाने, बिया, शिंपले, खडे हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. गुरे चारणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. गुजरात राज्याने २०१० मध्ये 'प्रज्ञा', म्हणजे प्रवृत्तीद्वारा ज्ञान, हा उपक्रम प्राथमिक शाळांत आणला. त्यात मुले पत्त्यांच्या साह्याने आपापल्या गतीने पायऱ्या चढतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे शिक्षण, शक्य तेथवर मातृभाषेतून अध्यापन आणि भयमुक्त वातावरण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ही पद्धती आता केवळ शिक्षकाच्या हौसेची बाब राहिलेली नसून तो मुलाचा हक्क झाला आहे.

अडचणी व त्यांवरील मार्ग

शिक्षकांकडून तीन अडचणी सांगितल्या जातात. पहिली, वेळेची. पस्तीस मिनिटांच्या तासात दहा मिनिटे सांगणे, पंधरा मिनिटे गटांचे काम व दहा मिनिटे मुलांनी मांडणे, अशी विभागणी करता येते. प्रत्येक तास असा घेण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून दोन तासांनी आरंभ करावा. दुसरी अडचण गोंगाटाची. काम करणाऱ्या मुलांचा आवाज व रिकाम्या मुलांचा आवाज यांत फरक असतो, आणि प्रत्येक गटास नेमके काम व नेमका वेळ दिल्यास पहिलाच आवाज ऐकू येतो. तिसरी अडचण साहित्याची. सुतळी, खडे, जुनी वृत्तपत्रे, रिकाम्या पेट्या यांहून अधिक काही बहुधा लागत नाही.

मूल्यमापनासाठी एक साधी वही ठेवावी. रोज तीन मुलांजवळ बसून त्यांचे वाचन ऐकावे, एक उदाहरण सोडवून घ्यावे व दोन ओळींची नोंद करावी. चाळीस मुलांच्या वर्गात चौदा दिवसांत प्रत्येक मुलाची पाळी येते. गावी जाऊन आलेल्या मुलास कोठून उचलावयाचे, हे ही वही सांगते.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वही भरलेली नाही म्हणजे शिकविले नाही, असे नव्हे. मूल घरी येऊन 'साडी किती मीटरची?' असे विचारू लागले, तर ते शिकत आहे. मात्र घरच्या धंद्याचे गणित शाळेत घेणे म्हणजे मुलास धंद्यास लावणे नव्हे. ते शाळेत टिकावे यासाठीच हा खटाटोप आहे. ज्यांना हंगामात गावी जावे लागते, त्यांनी शक्य असल्यास मुलास मागे ठेवावे, अथवा जाण्यापूर्वी शिक्षकांना भेटून त्या काळातील अभ्यास मागून घ्यावा.

पर्यवेक्षक अधिकाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. शांत वर्ग व पुरा झालेला अभ्यासक्रम एवढेच तपासले गेले, तर शिक्षक तेवढेच सिद्ध ठेवतील. भेटीच्या वेळी मागील बाकावरील चार मुलांना जवळ बोलावून वाचावयास लावावे, शिक्षकाची नोंदवही पाहावी आणि एका शाळेत साधलेला पाठ दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना पाहता येईल अशी व्यवस्था करावी.

सुरतेतील हा प्रश्न तेवढ्याच शहराचा नाही. तेथून परतणारी मुले धुळे-नंदुरबारच्या शाळांत येतात, ऊसतोड कामगारांची मुले मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात जातात, आदिवासी भागांत भिल्ली व पावरी बोलणारी मुले पहिल्या इयत्तेत मराठी प्रथमच ऐकतात. या सर्व मुलांना वर्गात जागा मिळाली आहे. तीत त्यांना आवाजही मिळावा, यासाठी शिक्षकाने दररोज थोडा वेळ आपले बोलणे थांबवून मुलांचे ऐकावे, आणि जे मूल कधीच बोलत नाही त्याच्यापासून आरंभ करावा.