तंबू ठोकण्यापूर्वी

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या पुण्यातल्या दवाखान्यात एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, शनिवारी पवनेच्या काठी तंबूत राहायला चाललोय. सोबत न्यायला काही गोळ्या लिहून द्या." पवना, मुळशी, पानशेत, भोरकडचे भाटघर ही सगळी खोरी शहरापासून दोन-अडीच तासांच्या आत आहेत. समोर तुंग-तिकोन्याचे सुळके, खाली पाणी, वर चांदणे. जायलाच हवे, माझी ना नाही. पण गोळ्यांच्या यादीआधी मी दोन-चार प्रश्न विचारतो आणि मंडळी जरा हिरमुसतात.

पहिला प्रश्न : तंबू नेमका कुठे ठोकणार? धरणाच्या वरच्या अंगाला, जलाशयाच्या काठी, की खाली नदीच्या पात्रात? पात्रातली सपाट वाळू मोहात पाडते. परंतु वर कुठे पाऊस झाला किंवा धरणातून विसर्ग सोडला, तर इथे आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ती प्रवाहात उभी असताना पाणी एकाएकी वाढले होते. पावसाळ्यात म्हणूनच या खोऱ्यांत मुक्काम नको, दिवसा पाहून परत या. हिवाळ्यातही तंबू पाण्यापासून लांब, उंचावर आणि गावकऱ्याला विचारूनच ठोका. जुन्या पुलावर गर्दी करू नका, हेही ओघाने आलेच. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला, तेव्हा त्यावर पर्यटकांची दाटी होती.

जलाशय वरून शांत दिसतो. तळाशी मात्र गाळ असतो आणि बुडालेल्या शेतांचे बांध असतात. दोन पावलांपूर्वी गुडघाभर असलेले पाणी पुरुषभर होते. तरण तलावात पोहणाऱ्याला याची सवय नसते. त्यात दारू पोटात असली की अंगाला ऊब वाटते, प्रत्यक्षात कातडीतून उष्णता भराभर निघून जात असते आणि हातपाय लवकर गारठतात. कोणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा, ओढणी, जे हाती लागेल ते फेका. एकाला वाचवायला गेलेला दुसराही गेला, अशी बातमी आपण दरवर्षी वाचतोच.

पिण्याच्या पाण्याविषयी पुणेकरांना आता फार सांगावे लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले. संशयित धरून आकडा दोनशेच्या वर गेला. कित्येकांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून तो पोटात जातो. आता गंमत पाहा : शेकोटीवर भाजलेली कोंबडी हा तर या सहलींचा आत्माच! बाहेरून काळी, आत हाडाशी गुलाबी. तुकडे लहान करा आणि कच्च्या मांसाचे ताट भाजलेल्याला वापरू नका. पाणी घरून न्या. संपलेच तर खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. झऱ्याचे पाणी स्वच्छ दिसते, एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

साप म्हटला की नाग डोळ्यापुढे येतो. जमिनीवर झोपणाऱ्याने खरी धास्ती घ्यावी ती मण्यारीची. ती रात्री हिंडते आणि झोपेतल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक की पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मग श्वास. रात्रीच्या मांसाहाराने पोट बिघडले असे समजून लोक ओवा चघळत बसतात. म्हणून तळ शिवलेला तंबू घ्या, चेन पूर्ण बंद ठेवा, बाहेर पडताना विजेरी आणि बूट. दंश झालाच तर कापणे, चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे यातले काही करू नये. तो भाग हलू न देता रुग्णाला आडवे न्यावे. उतारा एकच, प्रतिविष. ते कोणत्या रुग्णालयात मिळते आणि रात्री डॉक्टर असतात का, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवा. १०८ क्रमांक सर्वांना पाठ असतो, पण पवनेच्या काठाला सगळीकडे मोबाईलला रेंज असतेच असे नाही. शिवाय रात्री गाडी चालवायला एक माणूस शुद्धीत हवा!

थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेऊन झोपणारे महाभाग असतात. बंद जागेत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. एक जादा घोंगडी न्या, निखारे बाहेरच विझवा.

गोळ्यांची यादी तुलनेने छोटी. जलसंजीवनीची पाकिटे, तापाची गोळी, मलमपट्टी आणि रक्तदाब, मधुमेह, दमा यांची रोजची औषधे, एक दिवस जादा धरून. इन्सुलिन तापलेल्या गाडीत सोडू नका.

आणि परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना सहलीबद्दल आपणहून सांगा. पाण्यात किंवा चिखलात वावरल्याने लेप्टो होतो, गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस. असा रुग्ण आला की मी काख, कंबर, जांघ तपासतो. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली तिथे लपलेली असते, दुखत नाही म्हणून रुग्णालाही ठाऊक नसते. ती सापडली तर औषध साधे आणि स्वस्त आहे.