पिवळा दाणा, चौदा टक्के

अक्कलकुव्याचा मका जगाच्या बाजारात न्यायचा तर रस्ता दारातच आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग गावावरून जातो. पश्चिमेला जरा पुढे गेलं की गुजरातची हद्द लागते, आणि तीच दिशा धरली की अंकलेश्वरचे कारखाने, मग दहेज आणि हजिराची बंदरं. मोलगीकडच्या पाड्यांना आधी देवगोई घाट उतरावा लागतो, तो त्रास खराच. पण या तालुक्यातल्या शेतकऱ्याचा पैसा रस्त्यावर जातो त्याहून जास्त दाण्यातल्या पाण्यात जातो. पिवळ्या मक्याच्या गमतीजमती सांगायला बसलं की गाडी फिरून फिरून या पाण्यावरच येते.

जेवढे केस तेवढे दाणे

कणसाच्या टोकाला जे रेशमी केस लोंबतात, त्यातला एकेक केस एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यावरचा पराग वाऱ्याने उडून त्या केसावर पडला आणि आत उतरला तरच त्या जागी दाणा भरतो. एखाद्या कणसावर मधेच बोडकी जागा दिसली तर समजायचं, तिथल्या केसांना पराग मिळाला नाही. दाण्यांच्या उभ्या ओळी मोजून बघा, चौदा भरतील, सोळा भरतील, अठरा भरतील. पंधरा सहसा भरत नाहीत, कारण ओळी जोडीनेच धरतात.

जन्मगाव मेक्सिको

मका आपल्याकडे इतका रुळलाय की तो परका वाटतच नाही. पण सुमारे 9,000 वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाच्या रानगवतापासून माणसाने तो घडवला. त्या गवताच्या कणसाला जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. कोलंबस 1492 मध्ये अमेरिकेला पोचल्यानंतर मका जगभर पसरला, आणि हिंदुस्थानात त्याला आणण्याचं श्रेय साधारणपणे पोर्तुगिजांना देतात.

काळा ठिपका दिसला का?

मका पिकला हे पानांच्या रंगावरून ठरवू नका. कणसाच्या मधल्या भागातला दाणा काढा आणि त्याचं टोक नखाने खरवडा. तिथे काळा थर दिसला की झाडाकडून दाण्यात येणारा पुरवठा बंद झाला. आता वजन वाढणार नाही, फक्त पाणी उतरणार. मात्र त्या घडीला दाण्यात 30 ते 35 टक्के पाणी असतं. विकायचा असतो 14 टक्क्यांना. सगळी लढाई या दोन आकड्यांच्या मधली.

चौदाचं गणित

निर्यातदार असो, स्टार्चवाला असो की कोंबडीखाद्यवाला, फोनवर पहिला प्रश्न एकच येतो: ओलावा किती? बहुतेक सौदे 14 टक्क्यांवर ठरतात. खरेदीच्या काट्यावर हे कसं चालतं ते बघा. पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढतात आणि मीटरच्या वाटीत ओततात. आकडा येतो 20. शेतकरी एक दाणा दाताखाली धरतो, तो कटकन फुटतो, आणि त्याला वाटतं माल वाळलाय. दात आणि मीटर यांचं इथेच जमत नाही. दातांना 16 आणि 14 यांतला फरक कळत नाही, पण भाव त्या फरकावरच पडतो.

आता हिशेब. 20 टक्के ओलाव्याचा 100 क्विंटल मका 14 टक्क्यांवर आणला की 93 क्विंटल उरतो. म्हणजे क्विंटलमागे 7 किलोची घट रास्त आहे, ते पाणीच होतं. कपात 7 किलोच्या वर गेली तर मात्र विचारायचं, हे कशाचं? हे सूत्र पाठ असू द्या: मीटरच्या आकड्यातून 14 वजा करा, उरलेल्याला 86 ने भागा आणि 100 ने गुणा. जे येईल तितके किलो क्विंटलमागे कापायला हरकत नाही.

मीटर नाही? मग मिठाची बाटली आहे. कोरडी काचेची बरणी घ्यायची, त्यात दोन-तीन मुठी मका आणि एक-दोन चमचे खडखडीत वाळलेलं बारीक मीठ टाकायचं, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवायचं आणि जरा वेळ तसंच ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटं राहून तळाशी बसलं तर माल ठेवण्याजोगा झाला. ही युक्ती आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांना कृषी कार्यकर्ते शिकवतात. आपल्याकडे गावोगावी ती शिकवली जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. खर्च शून्य आहे आणि फायदा पहिल्याच काट्यावर कळतो.

ओल्या दाण्याचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अॅस्परजिलस नावाची बुरशी त्यात वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष सोडते. परदेशी सौद्यात त्याची मर्यादा बहुधा 20 पीपीबी, म्हणजे अब्जात वीस भाग. 25 टनांच्या कंटेनरमधलं विष गोळा केलं तर या मर्यादेने ते फक्त अर्धा ग्रॅम भरतं. अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं की 25 टन माल परत येऊ शकतो! आणि बुरशी सगळ्या ढिगात सारखी पसरत नाही, एखाद्या ओल्या कोपऱ्यात दाटते. त्यामुळे एकच पोतं न काढता ढिगाच्या दहा ठिकाणांहून नमुना घ्यावा लागतो.

ऑक्टोबरात डांबरी रस्त्याच्या कडेला मका पसरलेला दिसतो. ऊन चांगलं लागतं हे खरं, पण खडे, माती, टायरखाली फुटलेले दाणे असं सगळं त्यात येतं. तुटलेला दाणा बुरशीला दार उघडून देतो, शिवाय खडे आणि फूट यांची टक्केवारी सौद्यात वेगळी कापली जाते. पाड्यावर एक सामायिक खळं आणि चार ताडपत्र्या असल्या तर हा तोटा टळतो. मोठमोठ्या योजनांपेक्षा मला हे काम आधी व्हावंसं वाटतं.

कारखान्यात दाण्याला अंघोळ

जवळचं मोठं औद्योगिक गिऱ्हाईक म्हणजे धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा. तिथली युनिव्हर्सल स्टार्च ही जुनी कंपनी मक्यापासून स्टार्च काढते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावला गुजरात अंबुजाचाही मका कारखाना आहे. मौज म्हणजे ज्या दाण्याला आपण जिवापाड वाळवतो, त्याला कारखान्यात शिरताच पाण्यात टाकतात. सुमारे 50 अंश गरम पाणी, त्यात थोडा सल्फर डायऑक्साइड, आणि तीस-चाळीस तास मुक्काम. दाणा फुगून मऊ पडला की तो हलकेच भरडतात. अंकुराचा भाग तेलामुळे हलका असतो, तो वेगळा निघतो आणि तेलाच्या घाण्याकडे जातो. साल गुरांच्या खाद्यात जाते. पिवळंधमक ग्लुटेन कोंबड्यांच्या खाद्यात जातं, त्यात 60 टक्के प्रथिनं असतात. मागे उरतं ते पांढरंशुभ्र स्टार्च, दाण्याच्या वजनाच्या साधारण साठ-पासष्ट टक्के.

मग प्रश्न पडेल, वाळवला कशाला? कारण जास्त आचेच्या यंत्रात घाईने भाजून काढलेल्या दाण्यातलं स्टार्च नीट सुटत नाही, आणि ओला ठेवलेला कारखान्यात पोचेपर्यंत सडतो. उन्हात सावकाश वाळलेला दाणा स्टार्चवाल्याला सगळ्यात प्रिय. सातपुड्याच्या पायथ्याला ऊन फुकट आहे.

हे स्टार्च पुढे कुठे जातं? मागावर चढण्याआधी सुताला लावायच्या खळीत, कागदात, आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला जोडणाऱ्या डिंकात, औषधाच्या गोळीत, ग्लुकोजच्या पुडीत, कस्टर्डच्या डब्यात. टूथपेस्ट ओली राहते ती सॉर्बिटॉलमुळे, आणि तेही मक्याच्या ग्लुकोजपासूनच बनतं.

नवापूरचा बलक

अंड्याचा बलक पिवळा का? कोंबडीने पिवळा मका खाल्ला म्हणून. दाण्यातली ल्युटिन आणि झिअॅझँथिन ही रंगद्रव्यं थेट बलकात उतरतात. पांढऱ्या मक्यावर वाढलेली कोंबडी फिकट बलकाचं अंडं देते. ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मकाच असतो. आपल्याच जिल्ह्यातलं नवापूर कोंबडीपालनाचं मोठं केंद्र आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच आढळला, लाखो पक्षी मारावे लागले. कोंबडीचं खाणं थांबलं की मक्याची मागणीही बसते, हे तेव्हा सगळ्या राज्याने पाहिलं.

पिवळ्या-पांढऱ्याच्या या फरकातून विज्ञानालाही एक धागा मिळाला. 1919 मध्ये अमेरिकेतल्या हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवलं की पिवळ्या मक्यावर उंदीर नीट वाढतात आणि पांढऱ्यावर खुरटतात. अ जीवनसत्त्वाचं पिवळ्या रंगाशी नातं आहे, हे त्यातून पुढे उलगडलं.

कंटेनर, जहाज, शिकागो

वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 25 टन, म्हणजे 250 क्विंटल मका बसतो. पावसाच्या भरवशावर एकरी 10 क्विंटल धरले तर एका कंटेनरला 25 एकर लागतील. 30,000 टनांचं जहाज भरायचं तर 25 टनांचे 1,200 ट्रक. म्हणून एकट्यादुकट्या शेतकऱ्याचा माल नावानिशी परदेशी जात नाही, तो व्यापाऱ्याच्या ढिगात मिसळतो. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एकाच वाणाचा, एकाच ओलाव्याचा ढीग लावला तरच गिऱ्हाईक त्या ढिगाला वेगळा भाव देतं.

जगाचा भाव बोलला जातो शिकागोत, तोही बुशेलमध्ये. एक बुशेल मका म्हणजे 56 पौंड, आपले 25.4 किलो. तिथला एक सौदा 5,000 बुशेलचा, म्हणजे 127 टनांचा.

माल निघण्याआधी त्याला फॉस्फिनची धुरी देतात आणि कीड नसल्याचा दाखला घेतात. आपल्या शेतकऱ्याच्या हातात आणखी एक चांगलं पान आहे: भारतात जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. तसा मका नको असलेलं गिऱ्हाईक आपल्याकडे विश्वासाने बघू शकतं.

निर्यात घसरली ती कशी

2022-23 मध्ये भारताने सुमारे 34.5 लाख टन मका परदेशी पाठवला, किंमत जवळपास 8,987 कोटी रुपये. पुढच्याच वर्षी आकडा 14.4 लाख टनांवर आला. मका गेला कुठे? पेट्रोलच्या टाकीत. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर सरकारने बंधनं आणली, आणि जानेवारी 2024 मध्ये मक्याच्या इथेनॉलला लिटरला 71.86 रुपये दर दिला. टनभर मक्यातून सुमारे 380 लिटर इथेनॉल निघतं. डिस्टिलऱ्या मक्यावर तुटून पडल्या. मग जून 2024 मध्ये सरकारने सुमारे 5 लाख टन मका सवलतीच्या 15 टक्के आयातशुल्कात आणायला मुभा दिली, एरवी हे शुल्क 50 टक्के असतं. विकणारा देश दोन वर्षांत घेणारा झाला.

शेतकऱ्यासाठी इथेनॉलची ही मागणी चांगली होती, कारण दारात गिऱ्हाइकं वाढली. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,400 रुपये होता. पण भाव खाली आले की हमीभावाची खरेदी वेळेवर सुरू होणं महत्त्वाचं. दिवाळीच्या गरजेला ओला माल विकून टाकणाऱ्याच्या हाती तो भाव लागत नाही.

लष्करी अळी

मक्यावर पडणारी अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि काही महिन्यांत महाराष्ट्रात पोचली. ओळखायची खूण: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. ती पोंग्यात दडते, म्हणून फवारा पोंग्यातच जायला हवा.

धुरातलं बियाणं

सातपुड्यातल्या घरांत खायचा मका बहुधा पांढरा, गावरान. त्याची भाकर गोड लागते. बियाण्याची कणसं सालीसकट गुंफून चुलीच्या वर आढ्याला टांगतात. धुराने कीड लागत नाही, आणि दाणा आपोआप वाळतो. बाएफ या संस्थेने शेजारच्या धडगाव तालुक्यात स्थानिक शेतकऱ्यांबरोबर गावरान मका आणि ज्वारीच्या वाणांची बीजबँक उभी केली आहे. पिवळा संकरित मका पैसे देतो, ते हवेतच. पण चुलीवरचा पांढरा टिकलाच पाहिजे.

आणि इथे दोघांचं एकमेकांशी वाकडं येतं. पिवळ्याचा पराग वाऱ्याने पांढऱ्याच्या केसांवर पडला तर त्याच हंगामात, त्याच पांढऱ्या कणसात पिवळे दाणे उगवतात, पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. अमेरिकेच्या प्रतवारीत पिवळ्या मक्यात दुसऱ्या रंगाचे दाणे 5 टक्क्यांपर्यंत चालतात, पांढऱ्यात मात्र 2 टक्केच. म्हणजे शेजारात दोन्ही लावले तर पांढऱ्याचंच नुकसान जास्त. तेव्हा दोन वावरांत दोनशे मीटरच्या वर अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर पांढरा आधी आणि पिवळा किमान तीन आठवडे उशिरा पेरा, म्हणजे दोघांचे तुरे एका वेळी येणार नाहीत. बियाण्यासाठी कणसं निवडताना वावराच्या मधली घ्या, बांधावरची खायला ठेवा.